काकूंच्या मेसचा रिव्ह्यू, या वेळी जेवून लिहिलेला

जेवणाचं सांगायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती नाही सांगितली तर माझ्या पुढच्या एकाही वाक्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये असं मलाच वाटतं. सदाशिव पेठेतल्या या मेसला मागच्या वर्षी मी एकदा फाइव्ह स्टार दिलेत. "आईच्या हातच्या जेवणाची आठवण झाली, पोळ्या एकदम मऊ, काकूंचा स्वभाव छान" असं लिहिलं होतं, दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने, आणि तेव्हा मी इथे जेवले नव्हते, काकूंना पाहिलं नव्हतं, मेस कुठल्या गल्लीत आहे तेही मला माहीत नव्हतं.

मी मास कम्युनिकेशनला आहे, एमएचं दुसरं वर्ष, पब्लिक रिलेशन्स स्पेशल, मूळची बार्शीची. पहिल्या वर्षानंतर मे-जूनमध्ये इंटर्नशिप करावी लागते, ती मला एका छोट्या डिजिटल एजन्सीत मिळाली. तिथलं काम होतं ओआरएम म्हणजे ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट, आपल्याच विषयातलं आहे म्हणून मी खूप खूश होते. रोज सकाळी एक शीट यायची, त्यात हॉटेलं, डेंटिस्ट, क्लासेस, पार्लर, आणि शेजारच्या कॉलममध्ये कुठल्या अकाउंटवरून कुणाला किती स्टार द्यायचे ते. दिवसाला बारा रिव्ह्यू. सगळे एकदम टाकायचे नाहीत, मध्येच एखादा फोर स्टार ठेवायचा, शुद्धलेखन फार नीट नको म्हणजे खरं वाटतं, असं सगळं नीट शिकवलं जायचं. मी शिकले पण. आणि त्याच्या महिनाभर आधी मी परीक्षेत आयव्ही ली या पीआरचा पाया घालणाऱ्यांपैकी एका अमेरिकन माणसावर दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते, १९०६ साली कोळसा खाणींच्या संपाच्या वेळी त्याने पेपरवाल्यांना तत्त्वांचा जाहीरनामा पाठवला, की आम्ही जे काही सांगू ते उघडपणे सांगू, खरं सांगू, कुणालाही तपासून बघता येईल असं सांगू. उत्तरात मी हेही लिहिलं होतं की याच माणसाने १९१४ मध्ये लडलोच्या खाणकामगारांच्या हत्याकांडानंतर खाणमालक रॉकफेलरच्या बाजूने जी पत्रकं काढली त्यात संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे चुकीचे फुगवून दिले होते. मार्क चांगले पडले. पण लिहिताना ली हा कुणीतरी लांबचा, जुना, परदेशातला माणूस वाटला होता, शीटमधल्या बारा ओळी भरताना त्याची एकदाही आठवण आली नाही.

जुलैमध्ये मी कॉट बेसिसवर सदाशिव पेठेत राहायला आले. मेस शोधायची म्हणून मॅपवर बघितलं, एका मेसला ४.८ रेटिंग, खाली वाचत गेले आणि तिसऱ्या नंबरला माझंच वाक्य. आईच्या हातच्या जेवणाची आठवण झाली. मी फोन उलटा करून गादीवर ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच मेसला गेले, आपण काय विकलं ते निदान बघून तरी येऊ म्हणून, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तिथेच मेस लावली आहे.

आता जेवण.

जुन्या वाड्याचा पहिला मजला आहे, लाकडी जिना चढून गेलं की डाव्या हाताला हात धुवायचं बेसिन आणि उजवीकडे दोन खोल्या मिळून एकवीस-बावीस जण बसतील एवढी जागा. साडेबारा ते सव्वा या वेळात गेलात तर पोळी तव्यावरून थेट ताटात येते, घडीची पोळी, मधे तेलाचं बोट फिरवलेलं, कडेला फुगून पदर सुटलेला, आणि काकू ती ताटात टाकायच्या आधी दोन्ही हातांत धरून एकदा दाबतात त्यामुळे वाफ निघून जाते आणि पोळी ताटात ओली पडत नाही. मी कितीतरी दिवस हे नुसतं बघत बसायचे. दीडनंतर मात्र पोळ्या डब्यातल्या असतात, तेव्हा त्या मऊ असतात असं मी म्हणणार नाही, बऱ्या असतात. म्हणजे माझ्या त्या जुन्या वाक्यातला "एकदम मऊ" हा शब्द अर्धाच खरा निघाला.

चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा पातळ भाजी, आमटी, भात, चटणी नाहीतर लोणचं. मटकीची उसळ फार चांगली असते, मटकी अख्खी राहते आणि आतून शिजलेली असते, ज्यांनी मेसमधली पिठूळ मटकी खाल्ली आहे त्यांना यातला फरक कळेल. दोडका इतर मेसमध्ये सगळे ताटाच्या कडेला सरकवतात, इथे त्याच्या शिरांची चटणी करतात, तीळ आणि खोबरं घालून तव्यावर कुरकुरीत परतलेली, त्यासाठी दोडक्याच्या दिवशी एखादी पोळी जास्त जाते. बुधवारी रात्री पिठलं-भाकरी. भाकरी ज्वारीची, आमच्या सोलापूरकडची पातळ पापुद्र्याची नाही, जरा जाड, काकू साताऱ्याकडच्या आहेत, पण गरम असते. फ्लॉवरची भाजी मला आवडत नाही, पाणी सुटतं तिला आणि हळद कच्ची लागते, हे मी काकूंना दोनदा सांगितलंय. भात दोननंतर गोळा होतो. दही वेगळं, पंधरा रुपये. एप्रिल-मेमध्ये आतल्या खोलीत खूप उकडतं, एकच पंखा आहे आणि तोही कोपऱ्यात.

आणि आता आमटीचं, ज्यासाठी खरंतर मी हे सगळं लिहायला घेतलं.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी, त्या उकाड्यात, एका दुपारी पहिल्या पंक्तीतला एक मुलगा म्हणाला, काकू आमटी जरा आंबूस लागतेय का बघा. काकूंनी पळी घेतली, चाखली, काही बोलल्या नाहीत, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं उचलून मागे नेलं. मग स्वतः प्रत्येक ताटापाशी येऊन सांगितलं, आमटी आंबलीय, खाऊ नका, वाटी द्या इकडे. जिन्याच्या तोंडाशी रोजच्या मेनूचा फळा असतो त्यावर खडूने लिहिलं, "आजची आमटी बिघडली आहे. ज्यांनी खाल्ली त्यांनी सांगावे. आजचा खाडा धरला जाईल." सहा-सात जण जेवून गेले होते, रजिस्टर काढून त्यांना एकेक फोन केला, पोट ठीक आहे का, काही वाटलं तर सांग, डॉक्टरकडे जा, पैसे मी देते. कुणाला काही झालं नाही. रात्री मी विचारलं तेव्हा कळलं की सकाळी आमटी मोठ्या पातेल्यात गरम असतानाच झाकून ठेवली होती, वाफ आतल्या आत राहिली. दुसऱ्या दिवसापासून दोन छोट्या पातेल्यांत करतात, दुसरं पातेलं एक वाजता चढतं. झाकण कुणी लावलं होतं ते मला माहीत आहे, हाताखालच्या ताई नवीन होत्या, पण फळ्यावर ते नव्हतं आणि फोनवर पण कुणाला ते सांगितलं नाही.

आम्हाला क्रायसिस कम्युनिकेशनचा आख्खा पेपर आहे. त्यात १९८२ चं टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण असतंच, शिकागोत त्याच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली आणि कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. जगभरच्या कॉलेजांत ते शिकवतात. पण मला त्यापेक्षा आपल्याकडची केस जास्त जवळची वाटते, कॅडबरीची. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, कारवाई केली. कंपनीचं पहिलं म्हणणं काय होतं, तर दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. एफडीएचं म्हणणं, मग तुमचं पॅकिंग हवाबंद का नाही. पुढे मात्र कंपनीने खरंच काम केलं, प्रोजेक्ट विश्वास नावाने दुकानदारांपर्यंत जाऊन साठवण तपासली, जानेवारी २००४ मध्ये फॉइलचं, वरून सीलबंद असं नवं पॅकिंग आणलं आणि मग अमिताभ बच्चनना घेऊन जाहिराती केल्या. वर्गात आम्ही जास्त बोलतो ते बच्चनबद्दल. ही केस मी काकूंना भाजी निवडताना सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "मला आठवतंय की, आमचा अमोघ लहान होता तेव्हा, घरात कितीतरी दिवस चॉकलेट आणू दिलं नव्हतं मी." मग म्हणाल्या, "कागद बदलला ते बरं केलं. पण आधी दुकानदाराचं नाव घ्यायला नको होतं गं. माल त्यांचा ना?"

केस स्टडीत मी तेच दीड पानात लिहिलं होतं.

आमटी बिघडली त्याच संध्याकाळी एका मुलाने वन स्टार टाकला, आमटीच्या वाटीचा फोटो आणि खाली "आंबलेली आमटी वाढली" एवढंच. काकूंचा पुतण्या मेसचं ऑनलाइन बघतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, म्हणाला परत एक पॅकेज घेऊ, वीस-पंचवीस चांगले आले की हा खाली जाईल. मला पोटात गोळा आला, कारण "खाली जाईल" हे शब्द मी कुठे ऐकले होते ते मला चांगलं माहीत होतं. मी त्याला म्हटलं की नोव्हेंबर २०२२ पासून भारतात यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, मानकच आहे, आयएस १९०००, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं त्यात स्पष्ट आहे. तो म्हणाला, सक्ती आहे का? सक्ती नाही, ते ऐच्छिक आहे, आणि मला तिथेच थांबावं लागलं. मग तो म्हणाला की सगळेच करतात, पेपरात पण पैसे देऊन छापून येतंच की. त्याचं हे बोलणं अगदीच हवेतलं नाही, २००९ च्या आपल्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांचं कौतुक बातमी म्हणून कसं छापून आलं ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं होतं, त्या सुमारास प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर समिती नेमली, २०१० मध्ये तिचा ७१ पानी अहवाल आला आणि कौन्सिलने आधी तो आख्खा प्रसिद्धसुद्धा केला नव्हता. वर्गात हे शिकताना मला पत्रकारांचा राग आला होता. पण पैसे देणारा कुणीतरी असतो आणि मधे मजकूर लिहून देणारा कुणीतरी असतो, आणि तो मधला माणूस बहुतेक वेळा माझी डिग्री घेतलेला असतो, हे त्या दिवशी काकूंच्या ओट्यापाशी उभं असताना पहिल्यांदा नीट कळलं.

काकू म्हणाल्या, "तू तेच शिकतेस ना? मग त्या मुलाला उत्तर काय द्यायचं ते तू लिही."

मी लिहिलं. "आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. गुणवत्तेबाबत आम्ही कधीही तडजोड करत नाही. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो." वाचून दाखवलं. काकूंनी विचारलं, "यात आमटी कुठंय?" मी परत वाचलं, खरंच नव्हती. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, ते असं, "त्या दिवशी आमटी आंबली होती. गरम झाकून ठेवली म्हणून. चूक आमची. आता दोन पातेल्यांत करतो. तुझा खाडा धरला आहे. परत ये." त्या मुलाने रिव्ह्यू काढला नाही, वन स्टारचे थ्री स्टार केले आणि खाली लिहिलं की फोन आला होता. मला ते थ्री स्टार फार मोलाचे वाटतात, कारण ते कुणी सांगून दिलेले नाहीत.

आणि मग मला राहवेना. दोन दिवसांनी दुपारची गर्दी ओसरल्यावर मी काकूंना सांगून टाकलं, की मागच्या वर्षी पॅकेज घेतलं होतं त्यातला एक रिव्ह्यू माझा आहे. त्यांना पॅकेज म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं, पुतण्याने जाहिरात म्हणून पैसे घेतले होते. वाक्य दाखव म्हणाल्या. चष्मा लावून वाचलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "पण तू जेवलीच नव्हतीस, मग आईची आठवण कशाने झाली तुला?"

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

नंतर त्या पोळपाट पुसता पुसता जे बोलल्या ते मी रूमवर येऊन वहीत लिहून ठेवलं. म्हणाल्या, तेरा वर्षं झाली मेस चालवतेय, जिना चढून येणारा प्रत्येक मुलगा आधी कुणीतरी सांगितलं म्हणून आला, कुणाच्या तरी भावाने, कुणाच्या तरी रूममेटने, आणि आता जे नवीन येतात ते काय वाचून येतात ते मलाच माहीत नाही. माझं नाव मी कमावलंय का कुणी लिहून दिलंय हे मला कसं कळणार? इंटर्नशिपच्या त्या दोन महिन्यांत मी फसवणूक गिऱ्हाइकाची होते एवढाच विचार केला होता, तोही कधी तरी झोपताना. जिची मी स्तुती केली तिचंही मी काहीतरी हिरावून घेतलं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मराठीत नाव कमावतात, नाव काढतात, नाव राखतात, नाव बुडवतात, सगळी क्रियापदं अशी आहेत की ती माणसाला स्वतःच करावी लागतात. मी ज्या धंद्यात शिरायचं म्हणते त्यात "रेप्युटेशन बिल्ड करून देतो" असं म्हणतात, करून देतो. २०१७ मध्ये लंडनच्या बेल पॉटिंजर या एवढ्या मोठ्या पीआर कंपनीला दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या उद्योजक कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली म्हणून ब्रिटनच्या पीआर संघटनेने काढून टाकलं आणि त्याच महिन्यात ती दिवाळखोरीत गेली, दुसऱ्यांची नावं सांभाळण्याचे पैसे घेणारी कंपनी स्वतःचं नाव आठ दिवस सांभाळू शकली नाही. मला पीआर सोडायचं नाहीये, खरंच नाही, मला ते काम आवडतं. आमटी बिघडली तर काय लिहायचं हे कुणालातरी नीट सांगता यावं एवढ्यासाठी तरी हा विषय लागतोच.

काकूंनी पुतण्याला सांगून विकतचे रिव्ह्यू काढायला लावले. एजन्सीने पैसे परत दिले नाहीत आणि सगळे काढलेही नाहीत, जवळपास निम्मे गेले. माझा गेला, मी तिथल्या एका मैत्रिणीला फोन करून तो आधी काढून घेतला. रेटिंग ४.८ वरून ४.३ झालंय. पुतण्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही, त्याचंही मला समजतं, आजूबाजूच्या दोन मेसना ४.९ आहे आणि नवीन बॅच आली की मुलं आकडा बघूनच फोन करतात. म्हणून ज्यांना मेस लावायची आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आकडा बघू नका, थ्री स्टार वाले वाचा, आणि दोन दिवस गेस्ट म्हणून जेवून बघा, एकदा साडेबाराला आणि एकदा पावणेदोनला, म्हणजे दोन्ही पोळ्या कळतील.

माझ्याकडून स्टार चार. एक कमी भातासाठी आणि आतल्या खोलीतल्या पंख्यासाठी, फ्लॉवरसाठी नाही कारण ती माझी आवड झाली. मी इथे दर महिन्याला पूर्ण पैसे भरते, या रिव्ह्यूसाठी काकूंनी सांगितलेलं नाही, सूट दिलेली नाही, वाचून मात्र दाखवलाय कारण त्यांच्याबद्दल एवढं लिहिलंय तर त्यांना माहीत असायला हवं. भाताचं ऐकून म्हणाल्या, दोननंतर येऊच नकोस. अमोघचं नाव मी बदललंय.

दोन वेळचे महिन्याला तीन हजार चारशे, एका वेळचे अठराशे, गेस्ट ताट नव्वद. खाडा आदल्या दिवशी रात्रीपर्यंत सांगावा लागतो आणि सलग तीन दिवस असेल तरच धरतात. गुरुवारी सांगून ठेवलं तर उपवासाची खिचडी मिळते, तूप वरून घालतात, शेंगदाण्याचं कूट भरपूर. रविवारी दुपारी फिस्ट असते तेव्हा इंद्रायणीचा भात करतात आणि तो मात्र शेवटपर्यंत मोकळा नाही पण मऊ आणि गरम असतो, वर साधं वरण, लिंबू. रविवारी रात्री मेस बंद.